हनीईटर ओळखायचा तर आधी चेहरा बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: सिडनीत येऊन चार महिने झालेत. वेन्टवर्थव्हिलच्या बाल्कनीतून एक करडा, पिवळ्या चोचीचा पक्षी रोज दिसतो. शेजारीण त्याला ‘इंडियन मायना’ म्हणते, फोनवरचं पक्षी ओळखायचं ॲप काही वेगळंच म्हणतं. रॉयल नॅशनल पार्कात फिरायला गेलात तेव्हा बँक्सियाच्या फुलावर काळा-पांढरा-पिवळा पक्षी टिपलात. आणि पहाटे घराबाहेर खोकल्यासारखा आवाज काढणारा एक मोठा रेघारेघांचा पक्षी आहे, त्याला ॲप तीन दिवसांत दोन नावं देऊन बसलंय. पुस्तकातली हनीईटरांची, म्हणजे फुलातला मध टिपणाऱ्या इथल्या पक्ष्यांच्या घराण्याची, पानं उघडलीत तर सगळे सारखेच. म्हणून तिघांचे फोटो पाठवून विचारता, ओळखायचा एखादा तक्ता आहे का?

तक्ता नाही, आणि असता तरी पहिली दोन वर्षं मी तो कुणाच्या हातात दिला नसता. पण नजर कुठल्या क्रमाने फिरवायची ते सांगता येईल. मी नांदूर मध्यमेश्वरला बदकं मोजत वाढलेला माणूस. इथे आल्यावर माझीही तुमच्यासारखीच फजिती झाली होती. गेली एकोणीस वर्षं सिडनी आणि आसपास पाहणीसाठी हिंडतोय, त्यातून जे हाती लागलं ते लिहितो.

आधी अडचण नेमकी काय ते बघू. हनीईटर एकमेकांसारखे दिसतात हे खरं नाही. स्कार्लेट हनीईटर जेमतेम १०-११ सेंटिमीटरचा आणि लालभडक, रेड वॉटलबर्ड ३५ सेंटिमीटरच्या घरातला. गोंधळ होतो तो आपल्या सवयीमुळे. भारतात घराणं बहुधा दिसण्यावरून कळतं. शिंजीर म्हटलं की बारीक बाकदार चोच आणि चमक, बुलबुल म्हटलं की ठरावीक ठेवण. हनीईटरांचं तसं नाही. जगात यांच्या सुमारे १९० जाती आहेत आणि त्यातल्या ७०हून जास्त ऑस्ट्रेलियात. त्यांना जोडणारा दुवा आहे जिभेत. टोकाला चिरलेली, कुंचल्यासारखी जीभ झपाझप आतबाहेर करून ते फुलातला मध टिपतात. ती जीभ आपल्याला दुर्बिणीतून दिसत नाही. नावावरूनही अंदाज येत नाही, कारण मायनर, वॉटलबर्ड, फ्रायरबर्ड, स्पाइनबिल हे सगळे हनीईटरच. (एका ओळखीच्या काकांनी मला विचारलं होतं, हनीईटर म्हणजे आपला वेडा राघू ना? नाही. तो बी-ईटर, माश्या खाणारा, त्याचा एक रंगीत भाऊबंद इथेही आहे. त्याचा यांच्याशी काही संबंध नाही.)

म्हणून मी पहिला प्रश्न पक्ष्याला विचारतच नाही, जागेला विचारतो: इथे, या महिन्यात, या झाडावर कोण असू शकतो? याचं उत्तर तुम्ही कुठे उभे आहात त्यावर अवलंबून आहे, आणि ते मला इथे बसून सांगता येणार नाही. मी सिडनीपुरतं बोलतोय. उद्या पर्थला गेलात तर स्पाइनबिल वेगळा, लिटल वॉटलबर्डच्या जागी त्याचा पश्चिमेकडचा भाऊ. टास्मानियात तर चार हनीईटर असे आहेत जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यातला यलो वॉटलबर्ड हा साऱ्या घराण्यातला सर्वांत मोठा. जागेचा फायदा किती होतो ते बघा. सह्याद्रीत लाल छातीचा शिंजीर पाहिलेला माणूस इथे स्कार्लेट हनीईटर बघतो आणि छातीठोकपणे ‘शिंजीर’ म्हणतो. मीही म्हणालो होतो. पण ऑस्ट्रेलियात शिंजिराची एकच जात आहे आणि ती उत्तर क्वीन्सलँडमध्ये. सिडनीत शिंजीर नाही, एवढं एक वाक्य माहीत असलं की अर्धी चूक तिथेच टळते. तसंच हिरवट, इवलासा, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला पक्षी फुलांवर दिसला की तोही हनीईटर नव्हे. तो सिल्व्हरआय, आपल्या चष्मेवाल्याचा सख्खा नातलग. तुम्ही चष्मेवाला पाहिला असेल तर हा ओळखायला पुस्तक लागणार नाही.

जागेनंतर आकार. सेंटिमीटर विसरा, चिमणीएवढा, बुलबुलाएवढा की साळुंकीहून मोठा एवढंच ठरवा. आणि मग सगळा वेळ चेहऱ्यावर घालवा. चोचीच्या मुळापासून कानापर्यंतच्या दोन बोटं जागेत या घराण्याची जवळजवळ सगळी ओळख लिहिलेली असते: बुबुळाचा रंग, डोळ्यालगतची उघडी कातडी, गालावरचा पट्टा, कानावरचा ठिपका. नवखा माणूस पोटाचा आणि पाठीचा रंग लिहून आणतो. ‘हिरवट तपकिरी, खाली फिकट’ असं वर्णन घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि त्या वर्णनात बसणाऱ्या डझनभर जाती निघतात. डोळा कसा होता विचारलं की गप्प. एक सोय मात्र निसर्गानेच केली आहे: बहुतेक हनीईटरांत नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे प्रत्येक जातीची दोन-दोन रूपं पाठ करावी लागत नाहीत. स्कार्लेट अपवाद, त्याची मादी साधी तपकिरी.

आता तुमचे फोटो.

पहिला फोटो नॉइझी मायनरचा आहे, शंभर टक्के. शेजारणीला दोष देऊ नका, घोळ नावातच आहे. इथे आलेल्या गोऱ्यांना त्याची पिवळी चोच आणि डोळ्याजवळची पिवळी कातडी बघून हिंदुस्थानातली मैना आठवली, आणि ‘मायनर’ हे त्या ‘मैना’चंच इंग्रजांनी केलेलं रूप. खाणकामगाराशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पुढे १८६२ साली मेलबर्नमध्ये बागांतले किडे खायला म्हणून खरी मैना, म्हणजे आपली साळुंकी, आणून सोडली आणि गोंधळ पुरा झाला. लोक ज्या पक्ष्याला ‘इंडियन मायना’ म्हणून शिव्या घालतात ती तुमच्या-माझ्या अंगणातली साळुंकी. तिचं अंग तपकिरी, डोकं चकचकीत काळं, उडाली की पंखात पांढरे ठसे चमकतात, आणि ती जमिनीवर रुबाबात चालते. मायनर करडा, टाळू आणि गाल काळे, पिवळी कातडी डोळ्याच्या मागे त्रिकोणी ठिपक्यासारखी, पंखात पांढरं नाही, आणि तो उड्या मारतो. सिडनीतला मराठी माणूस ही एक जोडी इथल्या लोकांपेक्षा लवकर ओळखायला हवा. साळुंकी तर आपण पाळण्यात असल्यापासून बघतोय!

मायनरबद्दल आणखी एक गोष्ट, कारण तिचा ओळखीशी थेट संबंध आहे. हा पक्षी टोळीने राहतो आणि टोळीच्या हद्दीत लहान पक्ष्यांना टिकू देत नाही. जंगल तोडून विरळ झाडांची बागेसारखी मोकळी जागा केली की ती त्याला हवी तशीच होते. या दांडगाईमुळे इतर पक्षी हाकलले जातात, हा २०१४पासून देशाच्या कायद्यात अधिकृतपणे नोंदलेला धोका आहे. तुमच्या गल्लीत मायनरांची टोळी असेल तर बाल्कनीतून लहान हनीईटर दिसल्याची नोंद मी दोनदा तपासून घेईन. असूच शकत नाही असं नाही, पण शक्यता कमी. लहान जाती बघायच्या तर दाट, काटेरी झुडपं असलेल्या जागी जा. बागेत मोठमोठ्या फुलांच्या संकरित ग्रेव्हिलिया लावून लोक लहान पक्ष्यांची वाट बघत बसतात आणि मेजवानी झोडतात मायनर आणि वॉटलबर्ड.

दुसरा फोटो, बँक्सियावरचा. काळ्या-पांढऱ्या रेघा, पंखावर पिवळा पट्टा, शेपटीच्या कडेलाही पिवळा. इथे दोनच उमेदवार आहेत, न्यू हॉलंड हनीईटर आणि व्हाइट-चीक्ड हनीईटर, आणि दोघांची ठेवण एकच. ही जोडी चेहरा वाचायची शाळा आहे, म्हणून जरा थांबतो. न्यू हॉलंडचं बुबुळ पांढरं असतं. काळ्या चेहऱ्यात पांढरा डोळा म्हणजे पक्षी कायम दचकल्यासारखा दिसतो. हनुवटीखाली विरळ पांढरी दाढी, गालावर बारीक पांढरे झुपके. व्हाइट-चीक्डचा डोळा गडद, आणि गालावर एकच मोठा पांढरा भरीव ठसा, कुणी चुन्याचं बोट फिरवल्यासारखा. पाठमोरा बसला असेल तर शेपटीचं टोक बघा, न्यू हॉलंडला तिथे पांढरं असतं, दुसऱ्याला नसतं. तुमच्या फोटोत डोळा पांढरा आहे आणि टोकही. न्यू हॉलंड.

मात्र यात दोन खड्डे आहेत आणि दोन्हीत मी पडलेलो आहे. न्यू हॉलंडच्या पिल्लाचा डोळा पांढरा नसतो, करडा असतो, आणि पिल्लू एकूणच मळकट तपकिरी. ‘गडद डोळा म्हणजे व्हाइट-चीक्ड’ एवढंच पाठ केलं तर उन्हाळ्यात तुमच्या यादीत नको तेवढे व्हाइट-चीक्ड जमतील. डोळ्याबरोबर गालाचा ठसा जुळला पाहिजे, एका खुणेवर कधी निकाल देऊ नका. दुसरा खड्डा परागांचा. बँक्सिया आणि ग्रेव्हिलियात डोकं घालून घालून यांच्या कपाळावर परागांचा पिवळा-केशरी लेप बसतो. माझ्या दुसऱ्या वर्षीच्या वहीत ‘पिवळ्या कपाळाचा हनीईटर, पुस्तकात नाही’ अशी नोंद आहे, खाली चित्रही काढलंय. पुस्तकात कसा असेल? तो न्यू हॉलंड होता, तोंड न धुतलेला. ॲपलासुद्धा हा लेप फसवतो.

लहान जातींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण महिन्याभरात विचाराल. ईस्टर्न स्पाइनबिल सोपा: लांब, बारीक, खाली वळलेली चोच, लाल डोळा, पोट विटकरी, शेपटीच्या कडा पांढऱ्या, आणि फुलापुढे क्षणभर हवेत तरंगतो. पुन्हा ‘शिंजीर’ म्हणायचा मोह होईल, आवरा. यलो-फेस्ड हनीईटरच्या चेहऱ्यावर डोळ्यातून जाणारी काळी पट्टी आणि तिच्या मधोमध पिवळी रेघ. एप्रिल-मे महिन्यांत, वारा पडलेल्या उन्हाच्या सकाळी सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स डोंगरांत गेलात तर हे थव्याथव्यांनी उत्तरेकडे निघालेले दिसतात, एका सकाळी हजारोंनी. त्यांच्यातच व्हाइट-नेप्ड हनीईटर मिसळलेले असतात. त्यांच्या डोळ्यावर केशरी-लाल कातडीची कोर आणि मानेमागे पांढरी चंद्रकोर. उडत्या थव्यात चेहरा दिसत नाही, तिथे आवाजच कामाचा. यलो-फेस्डचा ‘चिकप्, चिकप्’ कानात बसला की मोजणी जमते.

आवाजाचं थोडं. दाट, ओलसर घळीत मशिनगनसारखी सलग फैर ऐकू आली तर लूइन्स हनीईटर. हिरवट पक्षी, कानावर फिकट पिवळी चंद्रकोर. घळीतच घंटा किणकिणल्यासारखा टिंग-टिंग आवाज चारी बाजूंनी आला तर बेल मायनर, तो दिसायची वाट बघू नका, पानांत हिरवा होऊन बसतो. सिडनीत लूइन्स एकटा असल्याने सोपा आहे. उत्तर क्वीन्सलँडमधल्या केर्न्सकडे गेलात तर तिथे लूइन्ससारखेच हिरवट, कानावर पिवळा ठिपका असलेले आणखी भाईबंद आहेत. चंद्रकोर की गोलसर ठिपका, चोच किती लांब, डोंगरावर की खाली, यावर तिथे वाद रंगतात. मी तिथे आवाज ऐकल्याशिवाय नाव लिहीत नाही. नाही ऐकला तर ‘जात नक्की नाही’ अशी नोंद करतो, आणि त्यात कमीपणा वाटून घेत नाही.

पण आवाजही गंडवतो, आणि याचं उदाहरण जरा काळजाला लागणारं आहे. रीजंट हनीईटर म्हणून एक देखणा काळा-पिवळा पक्षी आहे, चेहऱ्यावर चामखिळी असल्यासारखी उघडी कातडी. एके काळी त्याचे मोठाले थवे असत, आता जंगलात जेमतेम काहीशे उरलेत. पिल्लं गाणं मोठ्या नरांकडून शिकतात. नरच विरळ झाल्याने शिकवायला कुणी नाही. २०२१ साली ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की सुमारे १२ टक्के नर स्वतःच्या जातीचं गाणं गातच नाहीत, फ्रायरबर्डसारख्या भलत्याच पक्ष्यांचे आवाज काढतात. सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात वाढवलेल्या पिल्लांना आता गाणं शिकवायची सोय केली आहे. म्हणून रीजंट अजून आढळतो अशा केपर्टी खोऱ्यासारख्या जागी फ्रायरबर्ड ऐकू आला तर मी निलगिरीच्या शेंड्यावर दुर्बीण लावून डोकं बघूनच घेतो. फ्रायरबर्डचं काळं टक्कल आणि चोचीवरचा उंचवटा दिसला की सुस्कारा टाकतो. निराशेचा.

ॲपचं काय? वापरा, मीही वापरतो. फोटोपेक्षा आवाजाला ते जास्त बरं चालतं असा माझा अनुभव. पण त्याने सुचवलेलं नाव म्हणजे निकाल समजू नका. नाव आलं की पुस्तक उघडून त्या जातीच्या चेहऱ्याच्या तीन खुणा तुमच्या फोटोत सापडतात का ते बघा. नसतील सापडत तर ॲप कितीही खात्रीने सांगो, नोंद सोडून द्या.

राहिला तिसरा, खोकणारा. इथे मी हात टेकतो, कारण तुमच्या फोटोत पक्षी पाठमोरा आणि मान पानाआड. उमेदवार दोन: रेड वॉटलबर्ड आणि लिटल वॉटलबर्ड. ‘वॉटल’ म्हणजे इथली पिवळ्या फुलांची बाभूळ नव्हे, गळ्याच्या बाजूला लोंबणारा मांसाचा लोलक. मोठ्या रेड वॉटलबर्डला तो लालसर लोलक असतो, पोट पिवळं, डोळा लाल, टाळू गडद. लिटलला लोलक नाही, पिवळं पोट नाही, डोळा निळसर करडा, बारीक रेघा डोक्यापर्यंत चढलेल्या, आणि उडताना पंखात विटकरी रंगाचा मोठा ठसा उघडतो. ऐकायला सोपं वाटतं. पण रेडच्या पिल्लाला लोलक जवळजवळ नसतोच, डोळा तपकिरी आणि पोटही फिकं. माझ्या पहिल्या दोन वर्षांतले निम्मे ‘लिटल’ हे रेडची पोरं होती, हे एका जुन्या जाणत्या बाईंनी माझी वही चाळताना शांतपणे सांगितलं. तुमचं ॲप दोन नावांत हेलकावे खातंय त्याचं कारणही बहुधा हेच असावं.

खोकल्याच्या आवाजावरून माझा कल रेडकडे आहे, पण लिटलही खरखरतोच, त्यामुळे तेवढ्यावर लिहून देणार नाही. उद्या पहाटे फोटोच्या मागे लागू नका. दुर्बीण घेऊन बसा आणि तो उडेल त्या क्षणी फक्त पंख बघा. विटकरी दिसलं तर लिटल, नाही दिसलं तर डोळ्याचा रंग कळेपर्यंत थांबा. पक्षी रोज त्याच झाडावर येतोय म्हणता, तेव्हा घाई नाही. बाजूने एखादा फोटो मिळालाच, तर पाठवा.